बेट आणि समोरचा किनारा

गेल्या दिवाळीनंतर आमचे एक आप्त भूमध्य समुद्रातील माल्टा बेटास जाऊन आले. तेथे त्यांनी भाड्याने मोटार घेतली आणि आठवडाभर ती स्वतः हाकीत बेटाचा कानाकोपरा पाहिला. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यात एकच वर्णन पुनःपुन्हा येई : एक वळण घेतले की समुद्र, दुसरे घेतले की किल्ला, आणि प्रत्येक तटाशी एखादी लढाई जोडलेली. "आपल्याकडे असे काही नाही," असे ते शेवटी म्हणाले. या वाक्याचा आम्हांस थोडा राग आला, हे कबूल केले पाहिजे. पुढे माघात चिरंजिवांस आठवड्याची रजा मिळाली, तेव्हा घरचीच जुनी मोटार घेऊन आम्ही उभयता, चिरंजीव व सूनबाई असे चौघे जण निघालो आणि मांडव्यापासून बाणकोटच्या खाडीपर्यंत, म्हणजे १९८१ पर्यंत ज्यास कुलाबा म्हणत त्या आजच्या रायगड जिल्ह्याचा किनारा उतरत गेलो. सारथ्य चिरंजीव व सूनबाई आळीपाळीने करीत. आमच्याकडे नकाशा व टिपणवही होती.

एवढ्या थोड्या वाटेस सात दिवस कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ही वाट सलग नाही. दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. तिच्यावर पूल असला तर ठीक, नसला तर मोटारीसह जंगाराची वाट पाहत धक्क्यावर बसावे लागते. आरंभी आम्हांस याचा कंटाळा आला. पण असे बसले असताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली, ती इतकी वर्षे बखरी व इतिहास वाचूनही आली नव्हती. आपण जलदुर्गांचा विचार करतो तो तट, बुरूज आणि तोफा यांचा. तथापि बेट हे स्वतःच्या तटावर जगत नाही. ते समोरच्या किनाऱ्यावर जगते. तेथून धान्य यावयाचे, लाकूड यावयाचे, बहुधा गोडे पाणीही तेथूनच. म्हणून या किनाऱ्यावरची लढाई बेटासाठी दिसली, तरी ती पुष्कळदा समोरच्या गावांसाठी होती.

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की हे उघड दिसते. समोर दोन बेटे आहेत. जवळचे उंदेरी, पलीकडचे खांदेरी. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी खांदेरीवर माणसे उतरवून तट घालावयास आरंभ केला. त्या तुकडीचा नायक मायनाक भंडारी होता. मुंबईचे इंग्रज यामुळे फार अस्वस्थ झाले, कारण खांदेरी त्यांच्या बंदराच्या तोंडावरच आहे. त्यांनी वेढा घातला. १८ ऑक्टोबर रोजी समुद्रावर मोठी झटापट झाली. तीत इंग्रजांचे 'डोव्हर' नावाचे गुराब मराठ्यांच्या हाती सापडले, आणि कॅप्टन केग्विन याचे 'रिव्हेंज' मात्र झुंजून सुटले. पण आमच्या मते निकाल या झटापटीने लागला नाही. इंग्रजांची गलबते मोठी, खोल बुडणारी व वाऱ्यावर अवलंबून असणारी. मराठ्यांच्या होड्या हलक्या व वल्ह्यांच्या. त्या काळोख्या रात्री किनाऱ्यावरून निघत आणि पहाऱ्यातून निसटून खांदेरीस दाणागोटा पोहोचवीत. तो किनारा मराठ्यांचा होता, म्हणून खांदेरी राहिली. इंग्रज पुढल्या वर्षाच्या आरंभी तह करून परतले. त्याच सुमारास सिद्दीने उंदेरी बळकावली, आणि मग शेजारशेजारची ही दोन बेटे वर्षानुवर्षे एकमेकांवर तोफा डागीत बसली. मधल्या थळच्या लोकांचे काय झाले असेल, त्याचा वृत्तान्त कोणी लिहून ठेवलेला नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे. थळचे नाव अर्थातच नाही.

अलिबागेस आम्ही एकच दिवस होतो. कुलाब्याचा किल्ला ओहोटीस पायी गाठता येतो, यामुळे तो बेट आहे की किनारा, असा प्रश्न पडावा. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज हे दोघेही मिळून कान्होजी आंग्रे यांच्या या किल्ल्यावर चालून आले व हात हलवीत परत गेले. अलिबागेहून निघाल्यावर लागणाऱ्या आक्षी गावी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा मराठी शिलालेख आहे; मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. आमच्या सूनबाईंनी तो पाहिल्याविना पुढे जावयाचे नाही असा हट्ट धरला, आणि तो योग्यच होता.

रेवदंड्यास सडक जुन्या पोर्तुगीज तटातूनच आत शिरते. येथून भूमध्य समुद्र वाटतो तितका दूर नाही. १५०८ मध्ये चौलच्या बंदरात पोर्तुगीजांशी जे आरमार लढले, ते मिसरच्या सुलतानाने तांबड्या समुद्रातून पाठविलेले होते. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द आल्मेदा त्या लढाईत पडला. मसाल्याचा व्यापार मिसरमार्गे व्हेनिसला जात असे, तो पोर्तुगीजांनी आफ्रिकेस वळसा घालून नेला, हे त्या वैराचे मूळ. चौलच्या खाडीत भूमध्य समुद्राच्या पोटाचा प्रश्न सोडविला जात होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १५२१ मध्ये पोर्तुगीज येथे ठाण मांडून बसले. खाडीच्या पलीकडला कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडे होता, तोवर त्यांस झोप नव्हती. १५९४ मध्ये त्यांनी तोही घेतला. १७३९ मध्ये वसई पडल्यावर सगळेच फिरले, व १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली.

आता मोटार रेवदंड्याच्या पुलावरून काही मिनिटांत पलीकडे जाते. कोर्लईच्या डोंगराखाली एक लहानसे ख्रिस्ती गाव आहे. तेथील लोक घरात जी भाषा बोलतात, तीत पोर्तुगीज शब्द मराठीच्या वळणाने चालतात. राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षांवर काळ लोटला, किल्ल्यावर गवत माजले, आणि भाषा राहिली. आम्ही एका दुकानाशी चहा घेत बसलो होतो. दुकानदारीण आमच्याशी शुद्ध कोकणी ढंगाच्या मराठीत बोलली व लगेच आत वळून मुलावर त्या भाषेत ओरडली. आम्हांस एक अक्षर कळले नाही. पण अभ्यासाला बसण्याविषयी असावे.

मुरुडास आम्ही तीन रात्री राहिलो. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यास जाताना प्रत्येक प्रवाशास तोच प्रश्न पडतो : एवढ्या जवळचे हे बेट मराठ्यांस का घेता आले नाही ? होडीवाले तटांची उंची व तोफांची लांबी सांगतात. ते खोटे नव्हे. पण पुरेसे नाही.

शिवाजी महाराजांनी दंडाराजपुरी, म्हणजे जंजिऱ्यासमोरचा किनारा, आधी घेतला होता, यावरून त्यांस वर्म ठाऊक होते हे उघड आहे. १६७१ च्या शिमग्यात मराठे सणात गुंतले असता सिद्दीने तो परत मिळविला. मग महाराजांनी मुरुडसमोरच्या कांसा नावाच्या खडकावर पद्मदुर्ग बांधावयास घेतला. राज्याभिषेकानंतर थोड्याच काळाने लिहिलेले त्यांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. ते प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास आहे. पद्मदुर्गासाठी पैका व धान्य पोहोचवावे अशी आज्ञा असता त्याने ती पाळली नाही. महाराज त्यास विचारतात की, हबशाने तुला काही देऊन फितविले आहे काय; आणि बजावतात की, ब्राह्मण म्हणून तुझी गय होणार नाही. या पत्रातील करडेपणाची वाखाणणी सर्वत्र होते. आम्हांस त्यात चिंता अधिक दिसते. पद्मदुर्ग हाही एक खडकच. त्याचे धान्य दूर दक्षिणेकडील एका कचेरीतून यावयाचे, आणि तेथील कारकुनाने आळस केला की समुद्रातील माणसे उपाशी राहावयाची. सिद्दीचा तोफखाना हा एक शत्रू, आणि न आलेली वरात हा दुसरा.

उलट सिद्दीची स्थिती पाहा. समोरचा किनारा संकटात आला तरी त्यास आणखी दोन किनारे होते. औरंगजेबाच्या बाजूस गेल्यापासून सुरतेहून त्यास दरसाल पैका मिळे. आणि पावसाळ्यात त्याचे आरमार मुंबईस माझगावला येऊन राही. इंग्रजांस ते रुचत नसे, पण मोगलांच्या भीतीने त्यांच्याने नाही म्हणवत नसे. जंजिऱ्याच्या तटाचे पाये सुरतेत व माझगावात होते, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

१६८२ च्या आरंभी संभाजी महाराजांनी दगड व लाकूड टाकून मधली खाडीच बुजवावयास घेतली. या धाडसास लोक कधी वेडेपणा म्हणतात. तसे म्हणण्यापूर्वी इ. स. पूर्वी ३३२ मधील टायर नगराची हकीकत आठवावी. भूमध्य समुद्राच्या पूर्व कडेच्या या बेटाकडे अलेक्झांडराने असाच बांध घातला, आणि सात महिन्यांनी बेट जिंकले. पण केवळ बांधाने नव्हे. सायप्रस बेटाची व इतर फिनिशियन नगरांची जहाजे मध्यंतरी त्यास येऊन मिळाली आणि टायरचा समुद्र बंद झाला, तेव्हाच ते पडले. संभाजी महाराजांस समुद्र बंद करता आला नाही, आणि सात महिने कोणी दिले नाहीत. हसन अलीखान मोगल फौज घेऊन कल्याणाकडे उतरला, तेव्हा त्यांस काम टाकून जावे लागले. आमच्या आप्तांचे माल्टा १५६५ मध्ये तुर्कांच्या वेढ्यातून वाचले, तेही तटाइतकेच सिसिली बेटातून आलेल्या कुमकेमुळे. त्यांस हे पत्राने कळविले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

बाजीरावांच्या वेळी, १७३३ मध्ये, सिद्दीचा बराच मुलूख व रायगड मराठ्यांकडे आला; बेट मात्र राहिले, आणि जंजिरा हे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले.

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीस जाणारा जंगार नुकताच सुटला होता. उन्हात मोटार उभी करून बसलो. तिकिटे फाडणारा तरुण म्हणाला, "काका, पूल झाला की हे बसणं संपेल." त्याची स्वतःची नोकरीही संपेल, हे त्याने हसत सांगितले. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल व्हावयाचे आहेत. ते व्हावेत, रात्री खाडीपलीकडे आजारी माणूस नेण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांना आमच्या चिंतनाचा उपयोग नाही. तथापि जो पुलावरून जाईल त्यास, दिघीहून राजपुरीकडे पाहताना पाणी किती अरुंद आणि किती आडवे आहे, हे समजणे कठीण जाईल.

दिवेआगरावरून श्रीवर्धनास आलो. हे भट घराण्याचे, म्हणजे पुढल्या पेशव्यांचे, गाव; देशमुखी त्यांची, अंमल सिद्दीचा. सिद्दीच्या जाचाने बाळाजी विश्वनाथांनी गाव सोडले. बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळास येथे भानूंचे घर होते. त्यांनी साथ दिली, आणि त्याच घराण्यात पुढे नाना फडणवीस झाले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले.

शेवटल्या दिवशी हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन बागमांडल्याच्या धक्क्यास पोहोचलो. पलीकडे बाणकोटचा किल्ला दिसत होता. १७५६ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला, आणि त्यांनी त्यास फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिले. लाकूडफाटा व धान्य यांसाठी मुंबईही समोरच्या मुलखाकडेच पाहत असे, आणि तो मुलूख दुसऱ्याचा होता. कोकणच्या भूमीवर त्यांस स्वतःचे असे ठिकाण मिळाले ते हे. सूनबाईंनी मोटार सावकाश जंगारावर चढविली. आमच्या मागून दोन कोळणी टोपल्या घेऊन चढल्या, आणि पलीकडल्या बाजारात आज भाव काय असेल याची त्यांची चर्चा बाणकोटचा धक्का येईपर्यंत चालली होती.