फौकानिया ते प्रशाला

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना एक गोष्ट नवल वाटावी अशी आहे. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटले की बहुधा एखाद्या शिक्षण संस्थेचे असते. आमच्याकडे मात्र गावोगाव ‘जिल्हा परिषद प्रशाला’ दिसते. याचे मूळ निजामी राजवटीत आहे. हैदराबाद संस्थानात सरकार स्वतः हायस्कुले चालवीत असे. पुढे 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ही हायस्कुले त्यांच्या ताब्यात गेली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग आणि परभणीकडचा परतूर मिळून 1 मे 1981 रोजी आपला जिल्हा झाला.

त्या काळच्या शाळांच्या तीन पायऱ्या होत्या. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे माध्यमिकचा खालचा भाग आणि फौकानिया म्हणजे हायस्कूल. वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू. 1917 मध्ये हैदराबादेत दारुल तर्जुमा स्थापन झाले, 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ. विज्ञान, गणित, कायदा, वैद्यक हे सगळे एका हिंदुस्थानी भाषेत शिकविण्याचा तो प्रयोग होता. त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला जाविया. हे शब्द आम्ही आजही वर्गात रोज उच्चारतो, बालभारतीच्या उर्दू पुस्तकांतही तेच आहेत. उर्दूचे शिक्षक म्हणून आम्हाला त्या कामाचा अभिमान आहे, तो लपवायचे कारण नाही.

पण अभिमानाच्या भरात अर्धीच गोष्ट सांगणे बरे नव्हे. संस्थानात उर्दू बोलणारे शेकडा दहा-बारा, मराठी बोलणारे पाव हिश्श्याच्या आसपास, तेलुगू त्याहून कितीतरी जास्त. मग अंबडच्या कुणब्याच्या पोराला भूमिती उर्दूतच का शिकावी लागावी? मराठीतून शिकविणारी खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी हवी, आणि ती सहजी मिळत नसे. तरी अंबाजोगाईसारख्या ठिकाणी राष्ट्रीय शाळा उभ्या राहिल्या. तिथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. 1938 मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले. त्याचे पडसाद औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातही होते. पुष्कळांना नागपूरने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच.

उलट बाजूही आहे. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी याच संस्थानात वाढले. उर्दू-फारसीच्या बळावर त्यांनी मोगलकाळाची फारसी साधने मराठीत आणली. सक्तीने आलेली भाषाही कधी कधी अशी कामाला येते.

खेळाचे सांगायचे तर हैदराबादी शाळांतून फुटबॉल जोरात. सय्यद अब्दुल रहीम हे नाव आता सिनेमामुळे घरोघरी गेले, पण ते मुळात शाळामास्तर होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्यांनी घडविलेल्या भारतीय संघाने 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. आमच्या भागात आता कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट. मैदाने मात्र तीच मोठी, निजामी मापाची, जिथे अजून कोणी दुकानांचे गाळे बांधलेले नाहीत तिथे!

सप्टेंबर 1948 च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर सगळे पालटले. उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले, हायस्कुले हळूहळू मराठी झाली. काल जो भार मराठी मुलावर होता तो आज मुसलमान मुलावर आला. घाबरलेल्या, विस्कटलेल्या घरांतली ती मुले. त्यांतली किती शाळेबाहेर पडली याचा हिशेब कुणी मांडला नाही. जी टिकली ती चांगले मराठी शिकली. या अंकाचे वाचक त्यांच्याच पोटचे.

जुनी दप्तरे मात्र उर्दूतच राहिली. 2023 मध्ये अंतरवाली सराटीचे उपोषण झाले, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. शाळांची प्रवेश रजिस्टरेही उघडली गेली. एकाएकी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध! ज्या लिपीकडे कुणी बघत नव्हते, तिच्यावर आता कुणाच्या तरी नातवाचा दाखला अवलंबून होता.

ही रजिस्टरे वाचताना तारखेशी अडते. ती फसली सनाची असते. हैदराबादचा फसली सन आझुर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी 590 मिळवावे, पुढच्या महिन्यांसाठी 591. म्हणजे 1350 फसलीचा आझुर हा 1940 चा ऑक्टोबर, आणि त्याच सनातला खुरदाद 1941 मधला. ज्यांच्या घरी आजोबांची फौकानियाची सनद पेटीत पडून असेल त्यांनी तिची दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवावी. शाई आता फार दिवस टिकणारी नाही.