चांदीच्या पत्र्यावर जपलेली दया



धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला एक प्रश्न वारंवार येतो. मुले तो फारसा विचारत नाहीत, त्यांचे आईवडीलच विचारतात. घरातले आजारपण हटत नाही, मुलीचे लग्न जमत नाही, चालता धंदा बसतो. मग कुणीतरी कानात सांगते की हा पिढीजात शाप आहे, आजोबा-पणजोबांचे पाप तुमच्या घरावर आले आहे. पुरावा म्हणून निर्गम ३४:७ काढून दाखवतात, जिथे वडिलांच्या पापाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतला जाईल असे आहे. वचन खरोखरच तिथे आहे. घाबरलेल्या माणसाला ‘असले काही नसते’ एवढे सांगून भागत नाही. म्हणून हे वचन इस्राएल लोकांनी पुढे शतकानुशतके कसे जपले, त्यातले काय उराशी धरले, हे इतिहासात जाऊन पाहू.

आधी प्रसंग ध्यानात घ्यावा. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी लोकांनी सोन्याचे वासरू केले, मोशेने दगडी पाट्या फोडल्या, करार झाला न झाला तोच मोडला. अशा वेळी, दुसऱ्या पाट्या घेऊन मोशे वर गेला असताना, देव मेघातून स्वतःचे नाव स्वतः सांगतो. नाव म्हणजे स्वभाव. तो करुणामय आहे, कृपाळू आहे, मंदक्रोध आहे, दया आणि सत्य यांनी भरलेला आहे. हजारोंवर दया करतो, अपराधांची क्षमा करतो. आणि दोषीला सहज सोडत नाही. पिढ्यांचा उल्लेख येतो तो या सगळ्याच्या शेवटी.

इथे ‘दया’ म्हणून जो शब्द आपण वाचतो, तो मूळ हिब्रूत ‘हेसेद’ आहे. मराठी बायबलात बहुतेक ठिकाणी ‘दया’ असेच भाषांतर आहे आणि ते चूक नाही. पण आपल्या बोलण्यात दया म्हणजे भिकाऱ्याच्या हातावर ठेवलेले नाणे, असाही अर्थ चिकटला आहे. हेसेद तसे नाही. दिलेल्या शब्दाला जागणारे प्रेम, समोरच्याने शब्द मोडला तरी आपण न सोडलेले नाते, असा तो अर्थ आहे. स्तोत्र १३६ मध्ये प्रत्येक वचनाच्या शेवटी हा शब्द येतो, एकूण २६ वेळा.

आता या शब्दांचा पुढचा प्रवास पाहा. रानात लोक पुन्हा कुरकुरले तेव्हा मोशेने गणना १४ मध्ये देवाला हेच नाव ऐकवले, पिढ्यांच्या उल्लेखासह ऐकवले, आणि लगेच पुढच्या वचनात क्षमा मागितली. म्हणजे ज्याने ते मेघात ऐकले होते, त्याला त्यातून शाप ऐकू आला नाही, क्षमा मागण्याचा हक्क ऐकू आला. योएल संदेष्टा हे नाव घेऊन लोकांना माघारी बोलावतो. राखेच्या बुधवारी मिस्सामध्ये आपण पहिले वाचन ऐकतो ते हेच. स्तोत्रे ८६, १०३ आणि १४५ यांत ते गाइले आहे. बाबेलहून परतलेले लोक नहेम्याच्या काळात पापांगीकार करतात तेव्हा त्यांच्या ओठांवर तेच शब्द आहेत. योना तर तेच शब्द घेऊन देवाशी भांडतो. तू असा मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच तर मी पळालो, असे त्याचे म्हणणे! (देवाच्या चांगुलपणाची तक्रार करणारा हा संदेष्टा आम्हाला फार आपल्यातला वाटतो.) योएल, योना, नहेम्या आणि ही तीन स्तोत्रे, या सर्वांनी दयेचा भाग घेतला आहे, तिसऱ्या-चौथ्या पिढीचा उल्लेख यांपैकी एकाही ठिकाणी नाही.

हे झाले शास्त्रातले. यरुशलेममधल्या साध्या घरातला माणूस काय जपत होता? याचे उत्तर १९७९ साली जमिनीतून वर आले.

यरुशलेमच्या जुन्या शहराच्या नैर्ऋत्येला हिन्नोमचे खोरे आहे. तिथल्या उतारावर, आजच्या स्कॉटिश चर्चजवळ, पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्के खडकात कोरलेल्या थडग्यांचे उत्खनन करत होते. मदतीला शाळकरी मुले होती. बार्के सांगतात, त्यांतला तेरा वर्षांचा एक मुलगा सारखा मागे लागून त्रास देई, म्हणून त्याला एका कोनाड्याची साफसफाई करायला बसवले. मुलाने कंटाळून हातोडीने तळ ठोकला, आणि तो तळ फुटला. खालचा तो खडक नव्हताच, कोसळलेल्या छताचा थर होता. त्याखाली हाडे, मातीची भांडी आणि दागिने जसेच्या तसे पडून होते, आणि त्यांत चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या होत्या.

गुंडाळ्या उलगडायला सुमारे तीन वर्षे लागली. मोठी उलगडल्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर लांब भरली, लहान चार सेंटिमीटरही नाही. आत केसासारख्या बारीक रेघांनी जुन्या हिब्रू लिपीत लिहिलेले होते. दोन्हींवर गणना ६ मधला याजकांचा आशीर्वाद निघाला. बहुतेक अभ्यासक त्यांचा काळ इ.स.पू. सातव्या शतकाची अखेर किंवा सहाव्याची सुरुवात असा धरतात. मृत समुद्राकाठी सापडलेल्या सर्वांत जुन्या गुंडाळ्यांपेक्षाही त्या काही शतकांनी जुन्या आहेत.

गुंडाळीच्या मधून दोरा ओवायला जागा होती. आपल्याकडे बाळाच्या गळ्यात चांदीचा ताईत घालतात, हुबेहूब तशी वस्तू. त्यामागे काय होते, नुसती भीती की श्रद्धा? आम्हाला वाटते, दोन्ही असावे. माणसाच्या गळ्यातल्या दोऱ्यात ही दोन्ही बहुधा एकत्रच ओवलेली असतात. पण आत काय लिहिले आहे ते महत्त्वाचे. मोठ्या पत्र्यावर आशीर्वादाच्या आधी, आपल्यावर प्रेम करणाऱ्यांशी करार आणि हेसेद पाळणारा देव, अशा अर्थाची ओळ आहे. ती अनुवाद ७:९ शी जुळते, आणि त्या वचनात हे हेसेद हजार पिढ्यांपर्यंत पोहोचते. पुढे देव वाइटापासून सोडवणारा आणि खडक आहे असेही आहे. पत्रा झिजलेला, तुटलेला आहे. पण जेवढे वाचता येते त्यात पिढ्यांवरच्या शिक्षेचा शब्द नाही.

इ.स.पू. ५८७च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले. मंदिर गेले, राजा डोळे फोडून बेड्यांत नेला, लोक बंदिवासात गेले. विलापगीताच्या दुसऱ्या अध्यायात लेकरे आईच्या कुशीत अन्न मागत प्राण सोडतात. पिढीजात शाप म्हणायचाच तर याहून मोठा कोणता? लोक तसे म्हणतही होते. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, अशी म्हणच पडली होती. यिर्मयाने सांगितले की ही म्हण यापुढे कुणी म्हणणार नाही. यहेज्केलाने तर अठरावा अध्याय त्यासाठीच खर्च केला: मुलगा बापाच्या पापाचे ओझे वाहणार नाही. आणि विलापगीताच्या ऐन मध्यावर, तिसऱ्या अध्यायात, राखेत बसलेला तो माणूस म्हणतो की देवाचे हेसेद संपलेले नाही, ते दर सकाळी नवे आहे.

बापाच्या दारूने घर कसे पोळते, कर्ज मुलांच्या डोक्यावर कसे बसते, हे आपण पाहतोच. एका छपराखाली तीन-चार पिढ्या नांदतात तिथे एकाच्या पापाची झळ सर्वांना लागते. निर्गमच्या वचनात आम्हाला हे वास्तव दिसते. ते मान्य करणे वेगळे आणि देव हिशेबाची वही घेऊन नातवंडांच्या मागे लागला आहे, असे एखाद्या रडणाऱ्या आईला सांगणे वेगळे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला हेच विचारले होते की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणाला, दोघांचेही नाही. पवित्र मरिया आपल्या स्तोत्रात पिढ्यांचा उल्लेख करते, तोही देवाच्या दयेसाठी.

चांदीच्या त्या पत्र्यांवरचा आशीर्वाद आपण दर वर्षी १ जानेवारीच्या मिस्साला पहिल्या वाचनात ऐकतो. याजक तो सर्व लोकांवर उच्चारतो, तरी हिब्रूत त्यातला शब्द एकवचनी आहे, ‘तुला’. पत्र्यांवरही तसाच आहे. ज्याच्या गळ्यात तो होता त्याला तो वाचता येत नव्हता, कारण अक्षरे आतल्या बाजूला होती आणि गुंडाळी बंद होती.