मालवणच्या वाळूवरील लिलाव

लिलाव हा शब्द कानीं पडतांच आमच्या पांढरपेशा कुटुंबांतील माणूस थोडा दचकतो. कर्जापायीं जप्त झालेलें घर, दारांत उभा असलेला बेलीफ, ओट्यावर मांडलेलीं तांब्यापितळेचीं भांडीं, आणि तीं निम्म्या किंमतींत उचलून पुढें बाजारांत विकणारा कोणी परका मनुष्य, असें चित्र त्या शब्दाला चिकटलेलें आहे. परंतु मालवणच्या किनाऱ्यावर लिलाव हा रोजच्या चुलीचा विषय आहे. तेथें पुन्हां विकण्यासाठीं बोली बोलणाऱ्यांत बायकांचा भरणा असतो, व तिच्याकडे कोणी संशयानें पाहत नाहीं.

शब्द मूळचा आमचा नव्हे. पगार, चावी, बटाटा यांच्याप्रमाणेंच तो पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्याकडेहि तो अरबीतून गेला असें कोशकार म्हणतात, व त्या मूळ अरबी शब्दाचा अर्थ जाहीर करणें असा देतात. पोर्तुगीजांचा हा बाजार गोव्यांत कसा भरे याचें उत्तम वर्णन लिन्शोटेन नांवाच्या डच गृहस्थानें लिहून ठेविलें आहे. तो १५८३ सालीं गोव्यास येऊन तेथील आर्चबिशपाच्या पदरीं चिटणीस होता, व त्याचा ग्रंथ १५९६ सालीं प्रसिद्ध झाला. सणाचे दिवस सोडून रोज सकाळीं सात ते नऊ शहराच्या मुख्य रस्त्यावर लिलाव चाले. पुकारणारे लोक सोन्याच्या सांखळ्या व मोत्यांचे दागिने अंगावर अडकवून गर्दींतून हिंडत. अरबी घोडे, मसाले, गालिचे, आणि सांगावयास लाज वाटते, पण गुलाम माणसेंहि तेथें विकलीं जात. कोणी मेला तर त्याची चीजवस्त शेवटच्या दमडीपर्यंत तेथेंच विकावी, मग तो व्हाइसरॉय कां असेना, असा दंडक होता; पोरक्या मुलांना व विधवांना न्याय मिळावा, हा त्यांतील हेतु. चारचौघांदेखत भाव ठरला म्हणजे दुबळ्याला फसविणें कठीण जातें, हें तत्त्व त्या गोंगाटांतहि होतें.

शब्द तेरेखोल ओलांडून इकडे आला म्हणून रीतहि त्याच होडींतून उतरली असें मात्र समजण्याचें कारण नाहीं. रीत निघाली ती रापणींतून. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचें लांबलचक जाळें. होडी तें समुद्रांत अर्धवर्तुळाकार टाकीत जाते, आणि दोन्हीं टोंकांचे दोर धरून माणसांच्या रांगा तें वाळूवर ओढून आणतात. या जाळ्याला एकच एक धनी नसतो. अनेकांचे तुकडे जोडून तें होतें, व मिळकतीचेहि तसेच भाग पडतात. जेथें भागीदार इतके, तेथें किंमत उघड्यावर मोठ्यानें बोलली गेली तरच वांटणी भांडणाशिवाय होते. शिवाय बांगडा कांहीं कोणासाठीं थांबत नाहीं. सूर्य वर आला कीं त्याचा भाव खालीं येतो.

म्हणून घेणारीला विचार करावयास फार वेळ नसतो. ओल्या वाळूवर ढीग पडला कीं ती कल्ल्यांचा रंग पाहते, बोटानें अंग दाबून पाहते, आणि मनांतल्या मनांत त्या ढिगाचे वांटे पाडते. किती वांटे होतील, गांवोगांव डोक्यावरून हिंडतांना किती खपतील, संध्याकाळीं काय उरेल, हा हिशेब बोलीच्या अगोदर पुरा व्हावा लागतो. तो मांडावयास कागद लागत नाहीं. आमच्यांतील पुष्कळ पदवीधरांना तो कागद घेऊनहि साधणार नाहीं. उरलेल्या मालाला आधार मिठाचा. इंग्रजी अमलांत मिठावर कर होता, आणि मासे खारविण्याकरितां करमाफ मीठ मिळावें म्हणून सरकारनें किनाऱ्यावर खास आवारें काढलीं होतीं. आज उरेल तें उद्यां खारें म्हणून विकतां येईल, या भरंवशावरच दोन पैसे चढवून बोलण्याची हिंमत होते.

पुढें यांत्रिक नौका आल्या, बर्फ आला, लॉरी आली. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सगळ्या लांबीवर धांवूं लागली. या सुधारणांना नांवें ठेवण्याचा आमचा विचार नाहीं. बर्फामुळें सुरमईला दूरचें गिऱ्हाईक मिळालें व दर्यावर्दी माणसाच्या हातीं चार पैसे अधिक आले. पण लिलावाच्या इतिहासांत सर्वांत मोठा फरक भावांत झाला नसून ढिगाच्या आकारांत झाला आहे, व तो लेखणी चालविणाऱ्यांच्या नजरेंतून सुटतो. पर्ससीन जाळें बांगड्याचा अगर तारलीचा थवा सबंध वेढून एका खेपेंत टनांनीं मासळी काढतें. त्या मालाचे टोपलीएवढे ढीग कोण घालीत बसेल? तो सगळा एकदम उठतो, आणि उठवितो तो बर्फाची गाडी बाळगणारा व्यापारी. अशा व्यापाऱ्यांनीं नौकेच्या धन्याला कित्येकदां आगाऊ रक्कम दिलेली असते. मग माल कोणाकडे जावयाचा हें वाळूला लागण्यापूर्वींच ठरलेलें. ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं राज्य सरकारनें पर्ससीनवर क्षेत्राचे व मोसमाचे निर्बंध घातले, आणि त्यावर झालेला वाद बहुतेक मासळीच्या सांठ्याबद्दल झाला. टोपलीवालीचें नांव त्यांत क्वचितच निघालें. वास्तविक बोली बोलण्यास तिला कोणी मनाई केलेली नाहीं. तिच्या ऐपतीचा ढीगच समोर येईनासा झाला, एवढेंच.

तरी किनारा अजून मुका झालेला नाहीं. लहान होड्या येतात, रापणीहि कांहीं ठिकाणीं लागतात. ढीग मोठा असला तर दोघी-तिघी एकमेकींकडे पाहतात, एकजण बोली बोलते, आणि माल पदरांत पडल्यावर तेथेंच बसून त्याचे तीन भाग करतात. वांटतांना एखादा बांगडा या भागावरून त्या भागावर दोनदां जातो. मग टोपल्या डोक्यावर चढतात.