भेंडीवरून नाव पडलेला रस्सा, चिकोरीची कॉफी आणि १८३५ पासूनची ट्राम : न्यू ऑर्लिन्समध्ये जोडीने काय पाहावं, काय खावं?

इन्स्टाग्रामवर न्यू ऑर्लिन्स शोधलं की तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या, पिठीसाखरेत बुडालेले बेन्ये आणि बर्बन स्ट्रीटवरची रात्र. तिन्ही खोट्या नाहीत. पण एवढंच बघून परत आलेल्या जोडप्याला विचारलं, की तिथला गंबो मुळात कोणी रांधला, तर उत्तर येत नाही. आणि या शहराची खरी गंमत, खरी वेदनाही, त्याच उत्तरात आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेतलं, लुईझियाना राज्यातलं हे शहर मिसिसिपी नदीच्या वळणावर वसलंय. ह्यूस्टनहून गाडीने साधारण साडेपाच-सहा तास. जोडीने जायचं तर तीन रात्री पुरतात, चार असतील तर उत्तम.

फ्रेंच क्वार्टर, जो दिसायला स्पॅनिश आहे

१७१८ साली बेनव्हिल नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने हे शहर वसवलं. पुढे ते स्पेनकडे गेलं, परत फ्रान्सकडे आलं, आणि १८०३ मध्ये नेपोलियनने अख्खा लुईझियाना प्रांत दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकून टाकला. शहराचा जुना भाग म्हणजे फ्रेंच क्वार्टर. नाव फ्रेंच असलं तरी तिथे फ्रेंच काळातलं बांधकाम फार थोडं उरलंय, कारण १७८८ आणि १७९४ च्या दोन आगींत बहुतेक शहर जळालं. पुन्हा बांधलं ते स्पॅनिश अमलाखाली, म्हणून घरांना आतले चौक आहेत. आपल्या वाड्याची आठवण यावी असे! ज्यांच्याखाली सगळे फोटो काढतात त्या लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या तर आणखी उशिराच्या, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या.

फिरायची वेळ सकाळी लवकर. जॅक्सन स्क्वेअर, सेंट लुईस कॅथेड्रल, नदीकाठ, सगळं चालत होतं. जवळच १८६२ पासूनचं कॅफे द्यू मोंद आहे. एका प्लेटमध्ये तीन बेन्ये येतात. बेन्ये म्हणजे चौकोनी, फुगलेले, तळलेले मैद्याचे तुकडे, वर पिठीसाखरेचा ढीग. दोघांत तीन, म्हणजे तिसऱ्यावरून वाद ठरलेला. काळे कपडे घालून जाऊ नका आणि खाताना श्वास सोडू नका, साखर समोरच्याच्या अंगावर उडते. सोबतच्या कॉफीत चिकोरी असते. फ्रेंचांची ही जुनी सवय अमेरिकी यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी होऊन कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा पक्की रुजली, ती सुटलीच नाही. दक्षिणी फिल्टर कॉफी आवडणाऱ्यांना ही चव ओळखीची वाटेल.

दुपारी मफलेटा. १९०६ च्या सुमारास इथल्या सिसिलियन स्थलांतरितांनी रुजवलेलं हे सँडविच ताटाएवढ्या गोल पावाचं असतं, आत मांसाचे काप, चीज आणि ऑलिव्हचं लोणच्यासारखं मिश्रण. अख्खं मागवू नका, अर्धं दोघांना पुरतं.

गंबो : भेंडीचा बुळबुळीतपणा जिथे कामाला येतो

आता मुख्य पदार्थ. गंबो म्हणजे भातावर घेऊन खायचा दाट रस्सा. यात कोळंबी, खेकडा, कोंबडी, सॉसेज यांपैकी काहीही असू शकतं. हे नाव आलं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या भाषांमधल्या भेंडीच्या शब्दावरून, असं बहुतेक अभ्यासक मानतात. भेंडी अमेरिकेत पोचली ती गुलामांच्या जहाजांच्या काळात, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या खाण्याबरोबर. आपल्याकडे भेंडीचा चिकटपणा जावा म्हणून कोकम घालतात, ताक घालतात, कोरडी परततात. गंबोत मात्र तोच चिकटपणा रस्सा दाट करायला वापरतात.

रस्सा दाट करायच्या आणखी दोन पद्धती आहेत. एक, फिले, म्हणजे सॅसफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड. ही इथल्या मूळ रहिवाशांची, चॉक्टॉ लोकांची देणगी. दुसरी, रू. लाडवासाठी बेसन तुपात भाजतो तसा मैदा तेलात भाजायचा, पण लाडवाच्या रंगावर थांबायचं नाही, पार चॉकलेटी होईपर्यंत ढवळत राहायचं. हात थांबला की करपला, आणि करपला की टाकून पुन्हा सुरुवात. तंत्र फ्रेंच आहे, पण एवढ्या काळ्या रंगापर्यंत नेण्याची पद्धत इथलीच. म्हणजे एका वाडग्यात आफ्रिका, मूळ अमेरिका आणि युरोप असे तिघे आले. हॉटेलात गंबो मागवताना 'कप' आणि 'बोल' अशी दोन मापं असतात. वेगवेगळ्या ठिकाणचे दोन कप खाऊन तुलना करणं हा जोडीने करायचा सर्वात चांगला उद्योग.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. क्रिओल आणि केजन हे दोन शब्द पर्यटक एकाच अर्थाने वापरतात, पण ते एक नाहीत. केजन म्हणजे १७५५ पासून ब्रिटिशांनी कॅनडातल्या अकेडियातून हाकललेल्या फ्रेंच भाषकांचे वंशज. ते शहराच्या पश्चिमेला, पाणथळ ग्रामीण भागात वसले. त्यांचं जेवण गावरान, एका भांड्यात शिजणारं. न्यू ऑर्लिन्स शहराचं जेवण क्रिओल, बंदरावर आलेल्या सगळ्या लोकांच्या सरमिसळीतून झालेलं. त्यात टोमॅटो दिसतो, लोणी दिसतं. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची ही फोडणी मात्र दोघांची सारखी.

रविवार, भाताची भजी आणि स्वातंत्र्याची किंमत

जुन्या हॉटेलांच्या पाट्यांवर फ्रेंच नावं असतात. आतली चूल मात्र पिढ्यान् पिढ्या काळ्या माणसांच्या हातात होती, आधी गुलाम म्हणून, नंतर पगारी स्वयंपाकी म्हणून. यादवी युद्धापूर्वी न्यू ऑर्लिन्स हा अमेरिकेतला गुलामांचा सर्वात मोठा बाजार होता. फ्रेंच क्वार्टरमधल्या ज्या मोठ्या हॉटेलात घुमटाखाली लिलाव चालत, ते पाडून त्या जागी आज दुसरं हॉटेल उभं आहे. चार्टर्स स्ट्रीटवरच्या त्याच्या भिंतीत जुन्या 'एक्स्चेंज' या पाटीतली 'चेंज' एवढी अक्षरं अजून वाचता येतात. त्याच्यासमोरून रोज शेकडो पर्यटक आइस्क्रीम खात जातात.

फ्रेंच क्वार्टरपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर ट्रेमे वस्ती आहे आणि तिथल्या लुई आर्मस्ट्राँग पार्कमध्ये काँगो स्क्वेअर. फ्रेंच कायद्याने गुलामांना रविवारची सुट्टी होती. त्या दिवशी ते इथे जमत, ढोल वाजवत, नाचत आणि बाजार मांडत. जॅझ संगीताची मुळं शोधणारे इथवर येतात. पण खाण्याची गोष्टही तितकीच मोठी आहे. रविवारी काळ्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन 'काला' विकायच्या. शिजवलेल्या भाताचं पीठ आंबवून, त्यात साखर-जायफळ घालून केलेली ही गोड भजी. आपल्याकडच्या गुलगुल्यांची बहीणच म्हणा. स्पॅनिश राजवटीत गुलामाला पैसे भरून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेता येत असे, आणि अशी भजी विकून साठवलेल्या पैशांतून काही बायकांनी स्वतःला आणि आपल्या माणसांना सोडवलं. अमेरिकेचं राज्य आल्यावर ही वाट अवघड झाली. काला आज मोजक्याच ठिकाणी मिळतो. मेनूवर दिसला तर सोडू नका.

प्रालीनचंही असंच. साखर, लोणी, दूध आणि पेकन यांची ही वडी, चिक्कीपेक्षा मऊ आणि बर्फीपेक्षा रवाळ. दुकानात वजनावर मिळते. फ्रान्सच्या मूळ पदार्थात बदाम होता, इथे पेकन आलं. पेकनच्या झाडाचं कलम यशस्वीपणे करून चांगल्या जातीची लागवड शक्य केली ती १८४० च्या दशकात ओक ॲली मळ्यावरच्या अंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने. त्या जातीला पुढे १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात बक्षीस मिळालं. अंत्वानचं आडनाव कुठेच नोंदलेलं नाही.

ट्रेमेतच डुकी चेस हे रेस्टॉरंट आहे. १९४१ साली छोट्या दुकानातून सुरू झालेलं. लीआ चेस लग्न होऊन या घरात आल्या आणि त्यांनी त्याचं टेबलक्लॉथ घातलेलं, नीटनेटकं जेवणघर केलं. काळ्या माणसाला शहरातल्या गोऱ्यांच्या हॉटेलात बसायला बंदी होती त्या काळात! काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसणं कायद्याने गुन्हा असताना नागरी हक्क चळवळीच्या बैठका इथे वरच्या मजल्यावर व्हायच्या, आणि लीआ त्यांना गंबो वाढायच्या. बराक ओबामांनी इथे चव न घेताच गंबोत हॉट सॉस ओतला, तेव्हा बाईंनी त्यांना तिथल्या तिथे झापलं होतं. डिस्नेच्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' मधली टियाना त्यांच्यावरून सुचलेली आहे. लीआ चेस २०१९ साली वयाच्या ९६ व्या वर्षी गेल्या. एकच चांगलं जेवण परवडणार असेल तर ते इथे घ्यावं. आधी आरक्षण करून जा.

याच ट्रेमेत भारताचाही एक धागा सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमधल्या हुगळी भागातले मुस्लिम फेरीवाले चिकनचं भरतकाम विकायला अमेरिकेत येत. त्यातले काही ट्रेमेत स्थिरावले आणि त्यांनी इथल्या काळ्या आणि क्रिओल बायकांशी लग्नं केली.

ट्राम, संप आणि सोमवारचा राजमा

सेंट चार्ल्स मार्गावर १८३५ पासून गाडी चालते. आधी वाफ, मग घोडे, मग वीज. जगातली सर्वात जुनी, अखंड चालू असलेली ट्रामसेवा हीच. आत्ताचे हिरवे डबे १९२० च्या दशकातले, लाकडी बाकांचे, एसी नसलेले. तिकीट सव्वा डॉलर. दोघांनी खिडकी उघडून गार्डन डिस्ट्रिक्टमधली खांबांची घरं आणि ओकची झाडं बघत शेवटपर्यंत जायचं. झाडांवर लटकलेल्या रंगीत माळा मार्डी ग्रा उत्सवातल्या मिरवणुकीत फेकलेल्या असतात. १९५८ पर्यंत याच ट्राममध्ये काळ्या प्रवाशांना मागच्या बाजूला बसावं लागे.

ट्रामवाल्यांच्या १९२९ च्या संपातून शहराला त्याचं सँडविच मिळालं. पूर्वी ट्रामवर कंडक्टर राहिलेल्या मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना फुकट सँडविच द्यायला सुरुवात केली, आणि 'पुअर बॉय' म्हणजे गरीब बिचारा, यावरून नाव पडलं पो बॉय. मुंबईचा वडापाव जसा कष्टकऱ्यांच्या भुकेशी जोडलेला, तसंच हे. लांब, कुरकुरीत पाव, आत तळलेली कोळंबी किंवा कालवं. काउंटरवर 'ड्रेस्ड?' असं विचारतात, म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, पिकल आणि मेयो हवं का.

मुक्कामात सोमवार येत असेल तर रेड बीन्स अँड राइस. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस, म्हणून रविवारच्या हॅमचं हाड घालून राजमा मंद आचेवर ठेवून द्यायचा आणि धुणं आटपायचं. वॉशिंग मशीन आली तरी सोमवार बदलला नाही. लुई आर्मस्ट्राँगला हा पदार्थ एवढा आवडायचा की पत्राखाली सही करताना तो त्याचं नाव घालायचा.

हॅमचं हाड वाचून शाकाहारी मंडळी थबकली असतील, आणि ते बरोबरच आहे. इथे भाजीतसुद्धा डुकराचं मांस असतं. मांस नको एवढं सांगून भागत नाही. स्टॉक कशाचा आहे आणि तळणीचं तेल वेगळं आहे का, हेही विचारावं लागतं. बेन्ये, प्रालीन, आणि उन्हाळ्यात स्नोबॉल म्हणजे आपला बर्फाचा गोळा, हे सोपे पर्याय. १९७५ नंतर आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांची मोठी वस्ती शहराच्या पूर्वेला आहे, तिथे टोफूचे पदार्थ मिळतात.

कतरिना विसरून चालत नाही

२९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळात बांध आणि कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. फ्रेंच क्वार्टर उंचावर, म्हणून तो बहुतांशी कोरडा राहिला. पर्यटकाला आज काही झाल्यासारखं वाटत नाही त्याचं हेच कारण. २००० च्या जनगणनेत ४,८४,६७४ लोक होते, २०२० मध्ये ३,८३,९९७. डुकी चेसमध्येही पाणी शिरलं होतं, ते पुन्हा उघडायला दोन वर्षं लागली. ऐंशी पार केलेल्या लीआ चेस तेव्हा समोर ट्रेलरमध्ये राहत होत्या. जॅक्सन स्क्वेअरवरच्या प्रेसबिटेर संग्रहालयात या वादळाचं कायमस्वरूपी दालन आहे. तासभर द्या.

काही व्यवहाराच्या गोष्टी. रेस्टॉरंटमध्ये १८ ते २० टक्के टिप धरूनच बजेट करा. संध्याकाळच्या संगीतासाठी बर्बन स्ट्रीटपेक्षा फ्रेंचमन स्ट्रीट बरी, गर्दी तिथेही असते पण लोक निदान ऐकायला आलेले असतात. १७८९ चं सेंट लुईस क्रमांक १ हे जमिनीवरच्या थडग्यांचं कब्रस्तान २०१५ पासून फक्त परवानाधारक गाइडबरोबर बघता येतं. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, त्यातही ऑगस्टमध्ये घामाने हाल होतात. मार्च-एप्रिलमध्ये हवा चांगली असते आणि क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, भरात असतात. ते मसाल्यात उकडून कागदावर ओततात, आणि डोकं मोडून दोन्ही हातांनी खायचे असतात.