एक विमान, दोन दले

जानेवारी १९६१ मध्ये रॉबर्ट मॅकनामारा अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. त्याआधी ते फोर्ड मोटार कंपनीचे अध्यक्ष होते. तेच सुटे भाग निरनिराळ्या मॉडेलांत वापरून खर्च वाचवणे ही मोटारींच्या धंद्यातली रोजची गोष्ट. मंत्रालयात त्यांना दोन मागण्या आढळल्या. हवाई दलाला नवे लढाऊ विमान हवे होते आणि नौदलालाही. दोघांनाही पल्ला मोठा हवा, दोघांनाही विमानात दोन माणसे हवीत. मग विमाने दोन कशाला? एकच केले तर सुमारे १०० कोटी डॉलर वाचतील असा हिशेब निघाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी तसा हुकूम काढला.

कागदावर सारख्या दिसणाऱ्या या मागण्या प्रत्यक्षात उलट दिशेच्या होत्या. हवाई दलाचे विमान शत्रूच्या रडारला चुकवीत, जमिनीलगत, ध्वनीच्या १.२ पट वेगाने घुसणार होते. नौदलाचे विमान ताफ्यापासून दूर, उंचावर तासन्‌तास घिरट्या घालणार आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे सोडणार होते. काम संपल्यावर त्याला विमानवाहू नौकेच्या डोलणाऱ्या, आखूड धावपट्टीवर उतरायचे होते.

येथे थोडे भौतिकशास्त्र पाहू. विमानाला उचलून धरणारे बल पंखांच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. इतर गोष्टी तशाच ठेवून वेग निम्मा केला, तर तेवढेच वजन पेलायला चौपट क्षेत्रफळ लागेल. म्हणून नौकेवर सावकाश उतरणाऱ्या विमानाला ऐसपैस, सरळ पंख हवेत. जमिनीलगतच्या दाट हवेत मात्र असे पंख प्रत्येक झोताबरोबर विमानाला हिसके देतात. तेथे लहान, मागे वळलेले पंखच बरे.

यावर उपाय निघाला तो फिरत्या पंखांचा. उतरताना १६ अंश, वेगात ७२.५ अंश मागे. कल्पना सुरेखच होती, पण पंख ज्या खुंटीवर फिरतो ती आणि तिच्याभोवतीचा सांगाडा दणकट करावा लागतो. दणकटपणा म्हणजे वजन.

बोईंग आणि जनरल डायनॅमिक्स या कंपन्यांत स्पर्धा झाली. निवड मंडळाचा कौल बोईंगकडे होता. मॅकनामारांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये जनरल डायनॅमिक्सला काम दिले, कारण तिच्या दोन आवृत्त्यांत सामाईक भाग अधिक होते. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये यावर मोठी चौकशी सुरू झाली. निर्णय भ्रष्ट होता की नाही यावर तेथे पुष्कळ वेळ गेला. मला खरा प्रश्न वेगळा वाटतो: सामाईक भागांची मोजदाद हे विमानाच्या गुणांचे माप होऊ शकते काय?

हवाई दलाचे एफ-१११ए २१ डिसेंबर १९६४ रोजी उडाले, नौदलाचे एफ-१११बी पुढच्या मे महिन्यात. बी आवृत्तीचे नाक आठ फुटांहून अधिक आखूड केले होते, पंखांची टोके साडेतीन-साडेतीन फुटांनी वाढवली होती. नौदलाने वजनाची मर्यादा सुमारे ५५ हजार पौंड धरली होती. नमुना विमाने ७० हजारांच्या घरात गेली. धावपट्टी मैलभर लांब असेल तर जादा वजन खपून जाते. नौकेवर विमान फेकणारे यंत्र आणि त्याला थांबवणारी तार यांना ते खपत नाही. १९६८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पैसा थांबवला. एफ-१११बी विमाने बनली ती अवघी सात.

हवाई दलाच्या आवृत्तीची सुरुवातही दुर्दैवी होती. मार्च १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी पाठवलेल्या सहा विमानांपैकी तीन लवकरच नष्ट झाली. पण दोष काढल्यावर रात्री जमिनीलगत जाणारे ते एक उत्तम बाँबफेकी विमान ठरले. ऑस्ट्रेलियाने ते २०१० पर्यंत वापरले.

मग एक विमान दोन दलांना चालतच नाही काय? चालते. एफ-४ फँटम हे नौदलासाठी बांधलेले विमान १९५८ मध्ये उडाले आणि पुढे मॅकनामारांच्याच काळात हवाई दलाने ते आनंदाने नसले तरी स्वीकारले. नौकेसाठी घडवलेले विमान जमिनीवर उतरू शकते. थोडे अनावश्यक वजन वाहते, एवढेच. उलटा प्रवास फार अवघड.

एफ-१११बीचे इंजिन, रडार आणि फिनिक्स क्षेपणास्त्र नौदलाने टाकून दिले नाही. ते सर्व नव्या एफ-१४ मध्ये गेले. हे विमान प्रथम उडाले २१ डिसेंबर १९७० रोजी, एफ-१११एनंतर बरोबर सहा वर्षांनी.

अमेरिकेने हाच खेळ पुन्हा मांडला तो एफ-३५ या विमानात, आणि या वेळी दले तीन होती. २०१६ मध्ये त्या प्रकल्पाच्या प्रमुखांनीच सांगितले की तिन्ही आवृत्त्यांतील सामाईक भाग २० ते २५ टक्केच उरले आहेत. हवाई दलाच्या आवृत्तीच्या पंखांचे क्षेत्रफळ ४६० चौरस फूट आहे, विमानवाहू नौकेवरच्या आवृत्तीचे ६६८.