अंक आणि पुस्तक : मराठी चित्रकथांच्या विक्रीमार्गाचा इतिहास
(रत्नागिरीच्या संदर्भात)

मराठीत ‘अंक’ आणि ‘पुस्तक’ ह्या दोन नामांना लागणारी क्रियापदे सारखी नाहीत. अंक निघतो, अंक येतो, अंक चुकतो. पुस्तक लिहिले जाते, छापले जाते, विकत घेतले जाते. ते चुकत मात्र नाही. चुकण्यासाठी वस्तूला ठरलेला दिवस असावा लागतो आणि त्या दिवशी कोणीतरी तिची वाट पाहत असावे लागते. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. छापील कागद कोणत्या वाटेने, किती वेळाने आणि कोणाच्या हाती पोहोचतो, ह्या व्यवहाराची नोंद भाषेने ह्या क्रियापदांत करून ठेवली आहे. चित्रकथा, अर्थात लोकभाषेतील ‘कॉमिक्स’, हा प्रकार मराठी मुलखात प्रथम अंक म्हणून फैलावला व पुढे पुस्तक म्हणून उरला. ह्या स्थित्यंतराचा विचार रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावाच्या बाजूने केल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

ह्या विचारास आज निमित्तही आहे. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात चित्रकथांची मासिके वृत्तपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानांत आणि किराणा दुकानांत विकली जात. न खपलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत जात. १९७३ पासून तेथे निराळी पद्धत रुजू लागली. केवळ चित्रकथा विकणाऱ्या दुकानांना अधिक सवलतीने माल द्यावयाचा. मात्र उरलेला माल परत घ्यावयाचा नाही, अशी ही पद्धत. तिने प्रकाशकांचा तोटा कमी केला. परंतु वाटेने जाता जाता अंक उचलणारा वाचक हळूहळू दुरावला. पुढे मोठ्या प्रकाशकांनी स्टॉलची विक्री जवळजवळ सोडून दिली. ‘आर्ची’च्या छोट्या संग्रहांनी तेवढी सुपरमार्केटच्या बिलाच्या काउंटरजवळची आपली जागा टिकविली. २०१८ मध्ये ‘डीसी’ ह्या प्रकाशनसंस्थेने शंभर पानांचे स्वस्त अंक वॉलमार्टच्या दुकानांत ठेवून जुन्या वाटेकडे पुन्हा पाऊल टाकले. विशेष दुकानांना माल पुरविणारी ‘डायमंड’ ही प्रमुख वितरणसंस्था जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेल्यावर तर एकाच वाटेवर विसंबण्यातील धोका सर्वांस दिसला. स्टॉलवर आणि सुपरमार्केटमध्ये परत जाणे हा ह्यामुळे चर्चेचा विषय झाला आहे. परंतु परत जाणे म्हणजे नेमके कोठे जाणे, हा प्रश्न आपल्याकडच्या इतिहासाला विचारण्याजोगा आहे.

महाराष्ट्रातील नियतकालिकांच्या प्रसाराचे वर्णन करताना रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या स्टॉलचा उल्लेख प्रथम होतो. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या ए. एच. व्हीलर ह्या संस्थेच्या स्टॉलांनी हा मान मिळविला आहे. तथापि हे वर्णन देशावरचे आहे. कोकणास ते लागू पडत नाही. १८२८ पासूनच्या नगर वाचनालयाचा वारसा सांगणाऱ्या रत्नागिरीस विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत रेल्वे ठाऊक नव्हती. मुंबईचा छापील मजकूर आधी स्टीमरने येई, आणि पावसाळ्यात हा जलमार्ग बंद राही. १९४८ नंतर राज्य परिवहनाचा विस्तार होत गेला, तसा तो कशेडीचा घाट ओलांडून हातखंब्यावरून गावात उतरू लागला. कोल्हापूरकडचा माल आंबा घाटाने खाली येऊ लागला. म्हणजे कोकणात रेल्वेच्या फलाटाचे काम एस. टी. च्या स्थानकाने केले. स्थानकावरील वा त्यालगतचा वृत्तपत्रविक्रेता हाच येथील चित्रकथेचा पहिला दुकानदार होय. घाटात दरड कोसळली म्हणजे वर्तमानपत्राबरोबर मुलांचा अंकही चुके.

ह्या वाटेवर चित्रांची गोष्ट आणण्याचे पूर्वकार्य ‘चांदोबा’ने केले होते. मद्रासहून निघणाऱ्या ह्या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये सुरू झाली. मात्र ‘चांदोबा’तील चित्र गोष्टीस साथ देई, गोष्ट सांगत नसे. चौकटींतून व फुग्यांतील संवादांतून चालणारी कथा नियमितपणे हाती पडू लागली ती ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे. मार्च १९६४ मध्ये बेनेट, कोलमन आणि कंपनीने ही माला सुरू केली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती निघाली. पहिल्या बत्तीस अंकांत ली फॉक ह्यांच्या ‘फँटम’च्याच कथा होत्या, पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन इत्यादी नायक आले आणि १९७६ मध्ये आबिद सुरती ह्यांचा ‘बहादूर’ हा भारतीय नायक आला. १९८० नंतरच्या दशकात माला साप्ताहिक झाली. १९९० मध्ये ती बंद पडली, तोवर तिचे ८०० हून अधिक अंक निघाले होते.

ह्या मालेच्या यशाची कारणे सांगताना कथानकांच्या आकर्षणाचा निर्देश होतो. तो योग्यच आहे. पण पुरेसा नाही. प्रकाशक हा वृत्तपत्रांचा प्रकाशक होता, ही गोष्ट अधिक महत्त्वाची मानली पाहिजे. त्याला चित्रकथेसाठी नवी वाट पाडावयाची नव्हती. ज्या गठ्ठ्यातून वर्तमानपत्र आणि साप्ताहिके जात, ज्या एजंटाचा हिशेब आधीच चालू असे, त्याच व्यवहारात आणखी एका नियतकालिकाची भर पडली. नियतकालिकाच्या धंद्यात न खपलेल्या प्रती काही मर्यादेत परत देता येतात. ह्या एका सोयीमुळे लहान गावचा विक्रेताही अपरिचित अंक दोरीला टांगून पाहण्याचे धाडस करू शकतो. पुस्तकाच्या दुकानदारास ही मोकळीक सहसा नसते. त्याचे भांडवल फडताळात अडकून पडते. अंकाची किंमतही मुलाने साठविलेल्या पैशांच्या आवाक्यात असे. वाचून झालेला अंक हातोहात फिरे, भाड्याने मिळे, रद्दीतून पुन्हा विक्रीस येई. मुंबईकर चाकरमानी मे महिन्यात वा गणपतीस गावी येत, तेव्हा स्टॉल नसलेल्या वाड्यांपर्यंतही तो त्यांच्या सामानातून जाई. एका छापील प्रतीमागे वाचक अनेक, अशी ही व्यवस्था होती.

स्टॉलवरील विक्रीचा परिणाम भाषेवरही होतो, ह्याचे एक उदाहरण येथे नोंदविणे इष्ट ठरेल. दोरीला टांगलेल्या अंकास वाचकाचे लक्ष वेधण्यास बस सुटेपर्यंतचाच वेळ मिळतो; त्यामुळे मुखपृष्ठावरील नाव क्षणात समजावे लागते. ‘फँटम’चे मराठीत ‘वेताळ’ झाले, ते ह्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कोशातील ‘वेताळ’ म्हणजे भुतांचा राजा. परंतु दक्षिण कोकणात वेताळ वा वेतोबा हे ग्रामरक्षक दैवत होय. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली हे त्याचे प्रसिद्ध स्थान. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते. रात्री गावाच्या सीमेवरून फिरून रक्षण करताना देवाच्या वहाणा झिजतात, ह्या श्रद्धेने तेथे चामड्याच्या वहाणा अर्पण केल्या जातात. अमेरिकन कथेतील न मरणारा, रात्री संचार करणारा रानातील रक्षक कोकणातल्या मुलास परका वाटू नये, अशी सोय ह्या एका शब्दाने झाली. भाषांतरकाराच्या मनात कोकण होते असे म्हणता येणार नाही. पण शब्द वाचकापर्यंत पोहोचल्यावर त्यास स्थानिक अर्थ चिकटतो, तो असा. ‘कॉमिक्स’ ह्या शब्दाचेही तसेच. इंग्रजीतील अनेकवचनी प्रत्यय मराठीत मूळ शब्दाचाच भाग ठरला आणि ‘एक कॉमिक्स’ असा एकवचनी नपुंसकलिंगी प्रयोग सर्रास रूढ झाला. हा शब्द शाळेने शिकविला नाही. तो स्टॉलपुढे मागणी करताना घडला.

‘अमर चित्रकथा’ची वाट ह्याहून भिन्न आहे. ‘इंद्रजाल’च्या प्रारंभीच्या काळात टाइम्स संस्थेत काम केलेल्या अनंत पै ह्यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउस ह्या प्रकाशनसंस्थेच्या साहाय्याने ही माला हाती घेतली. राम वाईरकर, प्रताप मुळीक ह्यांसारख्या मराठी चित्रकारांचा तीत मोठा वाटा आहे. येथे प्रकाशक पुस्तकांचा होता. वृत्तपत्राचा गठ्ठा त्याच्या दिमतीस नव्हता. पहिल्या तीन वर्षांत खप जेमतेम वीस हजार प्रतींचा झाला. पुस्तकविक्रेते ही पातळ पुस्तके मांडण्यास नाखूश असत. तेव्हा पै ह्यांनी पेट्रोल पंप, उपाहारगृहे अशा ठिकाणी मांडण्या उभ्या करून ग्राहक गाठला. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वार्षिक खप सुमारे ५० लाख प्रतींवर गेला. म्हणजे पुस्तकांच्या प्रकाशकालाही यश आले ते पुस्तकाच्या दुकानाबाहेर पडल्यावर. ह्या मालेने अंकाचा क्रमांक व नियमितपणा घेतला आणि पुस्तकाचा टिकाऊपणाही राखला. १९९१ नंतर नव्या कथांचा ओघ थांबला, तरी जुन्या कथांच्या आवृत्त्या निघत राहिल्या, त्या ह्याच गुणामुळे. ‘इंद्रजाल’ अंकच होता. आठवडा संपला की त्याचे आयुष्य संपे. आज तो संग्राहकांच्या पेट्यांत आढळतो.

रत्नागिरीच्या दृष्टीने १९९० हे वर्ष विलक्षण योगायोगाचे आहे. त्याच वर्षी ‘इंद्रजाल’ बंद पडले आणि त्याच वर्षी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग राष्ट्रास अर्पण झाला. रत्नागिरीस फलाट मिळाला, तेव्हा फलाटावर टांगण्याजोगी साप्ताहिक मराठी चित्रकथा उरली नव्हती. दूरदर्शनच्या मालिका, पाठोपाठ आलेल्या केबल वाहिन्या, कागदाचा व छपाईचा वाढता खर्च ही कारणे सर्वपरिचित आहेत. ह्या काळात चित्रकथा पूर्णतः लुप्त झाली असे मात्र नव्हे. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेल्या ‘चिंटू’ने ती वर्तमानपत्राच्या पानातच जिवंत ठेवली. परंतु वर्तमानपत्र वडील घेतात. त्यातील चित्रमालिका मुलाच्या वाट्यास येते ती घरच्या खर्चाचा भाग म्हणून. स्टॉलवर स्वतः नाणे मोजून अंक मागणारा बालग्राहक ह्या व्यवहारात नाही.

सुपरमार्केटचा प्रयोगही महाराष्ट्रात अगदीच अपरिचित नाही. ‘अमर चित्रकथा’ २००७ मध्ये नव्या कंपनीकडे गेली आणि २०११ च्या सुमारास त्या कंपनीतील मोठा हिस्सा फ्यूचर समूहाने घेतला. हाच समूह २००१ पासून ‘बिग बझार’ची साखळी चालवीत होता. प्रकाशन आणि विक्रीचे दालन एका छत्राखाली आले. पै ह्यांना जी जागा दारोदार फिरून मिळवावी लागली होती, ती तत्त्वतः घरचीच झाली. परंतु समूह कर्जात सापडला आणि २०२२ मध्ये ती साखळीच बंद पडली. विक्रीची जागा परक्या धंद्याच्या आधाराने मिळते तेव्हा त्या धंद्याचे भवितव्यही पत्करावे लागते, हा ह्यातील पहिला धडा.

दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. एस. टी. स्थानक आणि सुपरमार्केट ह्या दोन्ही ठिकाणी माणसे अन्य कामासाठी येतात, एवढे साम्य खरे. पण स्थानकावर मुलापाशी वेळ असतो आणि विक्रेत्यास त्याचा चेहरा ठाऊक असतो. सुपरमार्केटमध्ये घाई असते, निवड पालकाची असते आणि फळीवरील प्रत्येक इंच जागेचा हिशेब मागितला जातो. साबण व बिस्किटे ह्यांच्या वेगाने न खपणारी वस्तू तेथे फार काळ ठेवली जात नाही. एकच मांडणी अनेक गावांसाठी ठरत असल्याने इंग्रजी आवृत्ती पुढे व मराठी मागे, असा क्रम लागण्याची भीती राहते. रेल्वे स्थानकांवरही पुस्तकांच्या स्टॉलांचे बहुउद्देशीय स्टॉल झाले असून पाण्याच्या बाटल्यांनी व खाऊच्या पुड्यांनी कागदाची जागा घेतली आहे. जागा तीच, व्यवहार मात्र निराळा.

ह्या विवेचनावरून एवढे म्हणता येईल की, चित्रकथेचे स्टॉलवर परतणे हा केवळ स्थळाचा प्रश्न नाही. जुन्या व्यवस्थेस चार आधार होते : ठरलेला दिवस, न खपलेली प्रत परत देण्याची सोय, मुलाच्या खिशास झेपणारी किंमत आणि त्याची भाषा. ह्यांपैकी एकही आधार न देता नुसती फळी मिळविली, तर तेथे जे ठेवले जाईल ते पुस्तक असेल, अंक नव्हे. पुस्तकाची योग्यता त्यामुळे कमी होत नाही. तथापि पुस्तक ज्या घरी जाते त्या घरी बहुधा आधीच पुस्तके असतात. घाटाखालच्या गावात, जेथे पुस्तकाचे दुकान नव्हते आणि आजही अनेक ठिकाणी नाही, तेथे शाळेबाहेरचे पहिले मराठी वाचन घडविले ते अंकाने. बसची वाट पाहणारे मूल मराठी वाचते ते कोणी परीक्षा घेणार म्हणून नव्हे, तर पुढच्या चौकटीत काय घडते हे कळावे म्हणून. अशा वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत वाट पाहावयास लावील असे काही स्थानकावर पुन्हा टांगले जाईल, तेव्हाच ‘अंक चुकला’ ह्या वाक्यातील हुरहूर नव्या पिढीस कळेल. आणि चित्रकथा परत आली असे म्हणावयाचे ते तेव्हा.