परकोटाच्या दारावरचा पहारा

चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आहेत. शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसाण अशा पाच खिडक्याही आहेत. भिंत कितीही जाड बांधली तरी नगराला दारे ठेवावीच लागतात. मग प्रश्न उरतो तो दारावरच्या पहाऱ्याचा.

संगणकांच्या बाबतीतही हेच घडले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी 'मॉरिस वर्म' या आज्ञावलीने हजारो संगणक ठप्प केले आणि फायरवॉलची गरज सर्वांना पटली. सुरुवातीची फायरवॉल फक्त दोन गोष्टी पाही: संदेश कोणत्या पत्त्यावरून आला आणि कोणत्या दाराने आला. त्याच्या पोटात काय आहे हे ती पाहत नसे. संकेतस्थळाचे दार तर सर्वांसाठी उघडेच ठेवावे लागते. डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकाने त्यातील धोका दाखवून दिला. नावाच्या चौकटीत कोणी नावाऐवजी अवतरणचिन्ह टाकून पुढे 'किंवा १=१' असे लिहिले, तर बेसावध आज्ञावली त्यालाच शोधाची अट समजते. एकाबरोबर एक हे नेहमीच खरे, म्हणून साऱ्या नोंदी बाहेर पडतात!

यावर उपाय म्हणून मजकूर वाचून पारखणारी फायरवॉल आली. इव्हान रिस्टिच यांनी २००२ मध्ये तयार केलेली 'मॉडसिक्युरिटी' ही त्यांपैकी एक. तिच्यात नियम लिहावे लागतात. जाणकार आधी तिला केवळ नोंद करायला सांगतात. प्रामाणिक माणसे कुठे अडकतात ते पाहून, नियम सुधारून, मगच अडवण्याची परवानगी देतात. घाईने हा टप्पा गाळला तर काय होते?

१ मे २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले तेव्हा 'कोविन'वर वेळ मिळवण्यासाठी बॉट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञावल्या, धावू लागल्या. बॉटची विनंती मजकुराने निर्दोषच असते. खोट असते ती संख्येत. म्हणून बाहेरच्या आज्ञावल्यांना एका पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० विनंत्या अशी मर्यादा जाहीर झाली. नियम योग्यच. पण मोबाइल कंपन्या शेकडो फोन एकाच पत्त्यामागे ठेवू शकतात. नुसते पत्ते मोजणाऱ्या पहाऱ्याला ते सारे मिळून एकच माणूस दिसतो.

आणि भामरागड-एटापल्लीच्या जंगलातल्या गावात, जिथे फोनला रेंजच नाही, तिथला माणूस दारापर्यंत पोचतच नाही. त्याची अडवणूक कोणत्याही नोंदवहीत उमटत नाही. २४ मे २०२१ रोजी या वयोगटासाठी सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणी करण्याची मुभा केंद्र सरकारने दिली आणि अंमल राज्यांवर सोपवला. २१ जूनपासून १८ वर्षांवरील कोणालाही आधी नोंदणी न करता केंद्रावर जाता येऊ लागले.